माझ्या मुलीच्या खेळातला लोभी माणूस

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

ही डायरी आगाशीच्या खतवाल्याने फुकट दिली. दर वर्षी देतो आणि दर वर्षी मंदा तिच्यात दूधवाल्याचे खाडे लिहिते. यंदा मी तिच्याकडून मागून घेतली. मला माझी बाजू लिहून ठेवायची आहे, कारण दुसरी बाजू आज पेपरात फोटोसकट छापून आली.

सकाळी बाजारात दाढीला बसलो होतो. न्हाव्याने पेपर पुढे केला आणि म्हणाला, "काका, ऋतिकाताई." बघतो तर आमची कन्या आणि तिच्याबरोबर काम करणारा तो मर्विन, दोघं काचेची ढाल धरून उभी. दोघांनी मिळून मोबाइलवरचा एक खेळ तयार केला, त्याला बंगळुरूला बक्षीस मिळालं. इथपर्यंत छाती फुगली. मग खालचं वाचलं. खेळाचं नाव 'बावखल'. खेळणाऱ्याने वसईतला वाडीवाला व्हायचं. वाडीत एक विहीर आणि विहिरीशेजारी बावखल, म्हणजे आमच्याकडे पावसाचं पाणी साठवायला पूर्वजांनी खणलेलं तळं. विहिरीचं पाणी टँकरला विकत सुटायचं आणि हावरेपणाने स्वतःच्या वाडीचं वाटोळं करून घ्यायचं. "बहुतेक खेळ आपल्याला आणखी हवं, आणखी हवं एवढंच शिकवतात. याला कुणी थांबवलंच नाही तर हे कुठे जातं, ते आम्हाला खेळूनच दाखवायचं होतं," असं बाईसाहेब म्हणतात.

खाली त्या वाडीवाल्याचं चित्र. पांढरा सदरा, जाड मिशी, खिशाला दोन पेनं. अख्ख्या आगाशीत खिशाला दोन पेनं लावून फिरणारा मी एकटा. न्हावी गालातल्या गालात हसत होता. अर्धी दाढी टाकून उठलो नाही एवढंच.

चार वर्षं मी प्रितेशच्या टँकरला पाणी देतो. चोरून नाही. माझी विहीर, माझी जमीन. विरार पूर्वेला एवढ्या इमारती उठल्या, त्या माणसांना पाणी नको? त्यांना पाणी पाजणारा मी लोभी, आणि खुर्चीत बसून बोटाने चित्रं हलवणारे संत.

६ फेब्रुवारी, गुरुवार

ऋतिकाला फोन केला. गेल्या वर्षी टँकरवरूनच भांडून ती विरार पूर्वेला मनवेलपाड्यात भाड्याच्या घरात राहायला गेली. तेव्हापासून फोन मंदा करते. आज मी केला.

"बापाला बाजारात उभं केलंस," मी म्हणालो.

"पप्पा, तो तुम्ही नाही. असे शंभर आहेत."

"शंभरांच्या खिशाला दोन पेनं नसतात."

"ते मर्विनने काढलंय. सॉरी. पण काढून टाक असं मी त्याला म्हटलं नाही, हे पण खरं."

मी म्हटलं, आम्हीसुद्धा खेळ खेळलोय. व्यापार खेळायचो. बाकीच्यांना भिकेला लावेल तो जिंकला, असाच त्याचा नियम. "मे महिन्यात माझ्याकडून हरून तूच रडायचीस. तेव्हा नव्हतो मी लोभी?"

"तो पट घडी करून ठेवला की आपण सगळे एकत्र बसून फणस खायचो पप्पा. कुणाचं खरं घर गेलेलं नसायचं," ती म्हणाली. "आधी खेळून बघा. मग शिव्या घाला."

खेळणार आहे. आणि जिंकणार आहे. अठ्ठावन्न वर्षं वाडीत काढली, आणि ही मला वाडी शिकवते.

११ फेब्रुवारी, मंगळवार

खेळ मोबाइलवर घेतला. जेवण झाल्यावर झोपाळ्यावर बसून खेळलो. रोज सकाळ होते आणि तीन बटणं येतात. वाडी, टँकर, खाडा. वाडी दाबलं की पाणी झाडांना. टँकर दाबलं की छन्न आवाज आणि वर पैसे वाढतात. खाडा म्हणजे विहिरीची सुट्टी.

हा खाडा तिने माझ्या बापाचा चोरला. अमावस्या-पौर्णिमेला समुद्राला उधाण आलं की तात्या दोन दिवस विहिरीला हात लावू देत नसत. रहाटाचा बैल सोडून ठेवायचे. म्हणायचे, खालून खारं पाणी वर येऊ बघतंय, आपण वरचं गोडं उपसलं की त्याला वाट मोकळी. गड्याला खाडा तसा विहिरीलाही. ठीक आहे. तेव्हा बैल होता, बैलाला विसावा लागतोच. मोटरला कसला खाडा?

तिसऱ्या वर्षी हरलो. चूक खेळातच आहे. पैशाचा आकडा वर केवढा मोठा, पण पाणी किती खारं झालं त्याचा आकडा कुठेच नाही. पानं बघून ओळखायचं म्हणे. पानाची कड जरा तांबूस होते, एवढ्याशा चित्रात कुणाच्या लक्षात येणार? हा धडधडीत अन्याय आहे. एक गोष्ट मात्र सोयीची. हरलं की पाऊस पडतो, बावखल काठोकाठ भरतं, विहीर परत गोडी होते आणि आपण नव्याने सुरू करायचं.

संध्याकाळी कृष्णा, आमचा जुना गडी, पानवेलीची चार पानं घेऊन आला. कडेने करपलेली. "शेट, पानी मचूळ लागतंय मला." मी म्हटलं, पोटॅश जास्त पडलं असेल. या माणसाला दोन वर्षं सगळंच मचूळ लागतं. वय झालं त्याचं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

पाचव्या वर्षी हरलो. आधी मोगरा गेला, मग सगळंच.

१६ फेब्रुवारी, रविवार

चौथ्या वर्षी. प्रगती उलटी चालली आहे. खेळ बनवणाऱ्याला वाडीतलं ओ की ठो कळत नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज एक गंमत कळली. मंदासुद्धा खेळते. निवडत बसली होती, शेजारी तिचा मोबाइल, मधेच एक बोट लावायची. मी डोकावलो. एकोणिसावं वर्ष.

"एकोणिसावं? किती टँकर दिलेस?"

"एकही नाही."

"मग पैसे?"

"पानांचे येतात थोडे. फुलांचे येतात. पुरतं."

मी हसलो. म्हटलं, याला खेळ नाही म्हणत, याला घरकाम म्हणतात. मालकीण पुढे जातच नाहीये. ती म्हणाली, "कुठे जायचंय पुढे?" मी तिला समजावलं की खेळात बक्षीस मिळवायचं असतं, मोठं व्हायचं असतं, नाहीतर माणूस खेळेल कशाला. तिने शेंगेतले दाणे काढत मान हलवली. मी म्हटलं हा खेळ मुळात वाकडा केलाय. त्यावर म्हणते कशी, "नाचता येईना, अंगण वाकडं." तेहतीस वर्षांच्या संसारात हे असं तोंडावर पहिल्यांदा बोलली. सगळं त्या मोबाइलमुळे.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आजचा दिवस डोकं फिरवणारा गेला.

सकाळी प्रितेश आला. त्याने दुप्पट मोठे टँकर घेतलेत. ते वाडीत येतील, पण वळणार नाहीत. मधे बावखल आहे. "काका, मार्चमध्ये ते बुजवू. मुरूम माझा, डंपर माझे, तुम्ही फक्त हो म्हणा. नाहीतरी डासच होतात त्यात." बोलणं रास्त आहे. मुलगा मेहनती आहे, उगाच गोड बोलत नाही. विचार करून सांगतो म्हणालो.

तो जातो न जातो तोच शेजारच्या वाडीतला फर्डिनंड आला. शाळेत आम्ही एका बाकावर होतो. कुंपणाशी उभं राहून बोलणारा माणूस आज ओटीवर येऊन बसला. त्याच्या विहिरीचं पाणी डिसेंबरपासून खारट झालंय म्हणे. स्वयंपाकाचं पाणी तो मेव्हण्याकडून कॅनमधून आणतो.

"आज अमावस्या आहे काशिनाथ," तो म्हणाला. "तुझी मोटर पहाटेपासून चालू आहे. तुझ्या बाबांनी कधी चालवू दिली असती का? महिन्यातले चार दिवस बंद ठेव, एवढंच मागतोय. आणि बावखल बुजवतोयस असं ऐकलं. ते नको करू. जमिनीत गोडं पाणी उतरतं ते तिथूनच."

मी विचारलं हे सगळं तुला कुणी शिकवलं. तर म्हणे, "आमची ज्युली तुझ्या ऋतिकाचा गेम खेळते. पण मला गेमने नाही शिकवलं. माझ्या बापाने शिकवलं, आणि तुझ्या बापाने."

मी त्याला जे बोललो ते इथे लिहीत नाही. चहा न घेता गेला. आता गावात माझी मुलगी शास्त्र सांगणार आणि शेजारी माझ्या ओटीवर येऊन तेच मला वाचून दाखवणार.

२ मार्च, रविवार

ऋतिका घरी आली. मंदाने बोलावलं असणार. आल्या आल्या बावखलाच्या काठावर जाऊन बसली, लहानपणी बसायची तिथेच. मी मुद्दाम गेलो नाही. शेवटी तीच आली.

"पप्पा, ते बुजवू नका. टँकर विका हवे तर. तुमच्याशी भांडायची ताकद नाही राहिली माझ्यात. पण बावखल ठेवा. पाणी कितीही खारं झालं तरी पावसात परत सुधारायचा तोच एक चान्स आहे."

"हे खेळात लिहिलंय ते मला सांगू नकोस."

"खेळात आहे, कारण इथे आहे."

मला राग आवरला नाही. म्हटलं, "ज्या पैशावर शिकलीस त्याच पैशाला नावं ठेवून बक्षिसं घेतेस."

"मी पानांवर शिकले पप्पा. पानांवर आणि मोगऱ्यावर. टँकर मी कॉलेज सोडल्यावर आला." आवाज चढवला नाही तिने. तो चढवला असता तर बरं झालं असतं. "आमच्या बिल्डिंगला पाणी प्रितेशचंच येतं, माहीत आहे तुम्हाला? अंघोळ केली तरी अंग चिकट राहतं. खालच्या मजल्यावरच्या संजनाताई बाळाला त्या पाण्याने धूत नाहीत."

मी म्हटलं प्रितेश दहा ठिकाणांहून पाणी उचलतो, ते माझं कशावरून? ती जेवून गेली. जाताना मंदाने तिला दोन बाटल्या पाणी बांधून दिलं, फिल्टरचं. मुलीला घरून पाणी बांधून द्यायची पाळी आणली हिने, आणि वर नाटक माझ्यासमोर.

मी संध्याकाळी प्रितेशला फोन करून हो म्हणून टाकलं. घरच्यांनी, शेजाऱ्यांनी आणि मोबाइलने मिळून मला माझ्या जमिनीत काय करायचं ते सांगायचं नाही.

५ मार्च, बुधवार

काम सुरू. दिवसभर डंपर येत होते. मंदा सकाळपासून साडी खोचून पाण्यात उतरली होती. टोपलीने मासे पकडून बादलीत टाकायची आणि बादली फर्डिनंडच्या बावखलात नेऊन ओतायची. मी म्हटलं, लोक बघतायत. तरी पंधरावीस खेपा केल्या असतील. फर्डिनंड पलीकडून बादली घेत होता. एक कासव निघालं, ते तिने पदरात घेऊन नेलं.

कृष्णा आज कामावर आला नाही. निरोपही नाही.

८ मार्च, शनिवार

झालं. रोलर फिरवून सपाट केलं. मोठा टँकर आत आला, झोकात वळला आणि भरून गेला. एवढं मोकळं वाटतंय वाडीत की विचारू नका. आधीच करायला हवं होतं.

१० मार्च, सोमवार

खेळातही बावखल बुजवायचं बटण आहे, हे मला आज दिसलं. एका कोपऱ्यात आहे. इतके दिवस मी तात्यांच्या पद्धतीने खेळून हरत होतो. दाबलं. काय सांगू! पैशांचा पाऊस. मोठे टँकर, पक्का रस्ता, शेजाऱ्याची वाडी विकत घेता येते, मग त्याच्या शेजाऱ्याची. नकाशावर हिरवं होतं ते सगळं माझ्या नावावर. अकरावं वर्ष गाठलं. मंदाला दाखवायला गेलो, ती देवाजवळ बसली होती, उठली नाही. ऋतिकाला फोटो काढून पाठवला. खाली लिहिलं, जिंकलो. तिने बघितल्याच्या दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. हरलेल्या माणसाला काय उत्तर असणार.

११ मार्च, मंगळवार

बाराव्या वर्षी सगळं तपकिरी झालं. माझ्या वाडीसकट सगळ्यांच्या वाड्या. पैसे वर तसेच आहेत, आकडा मावत नाही एवढे. बाजारात पाण्याशिवाय सगळं मिळतं. मी पावसाची वाट बघत बसलो. पाऊस आलाही, पण जमिनीवरून वाहून समुद्रात गेला. नव्याने सुरू करायचं बटण येत नाही. मोबाइल बंद करून चालू केला. खेळ काढून परत घेतला. तीच तपकिरी वाडी आणि तोच दोन पेनांचा माणूस उभा. बिघाड आहे.

२८ मार्च, शुक्रवार

दोन आठवडे लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं असं नाही.

प्रितेश आज स्वतः आला. पाण्यातला खार मोजायचं छोटं मीटर त्याने बादलीत बुडवलं आणि मला दाखवलं. "काका, हे बांधकामवालाही घेणार नाही. लोखंड गंजतं." मी म्हटलं उद्या अमावस्या आहे, उधाण आहे, दोन दिवसांनी उतरेल. माझ्या तोंडून हे निघालं आणि माझं मलाच कसंतरी झालं. तो हसला नाही, ते एक बरं. "मी होळीला एक वाडी बघितली आहे. पाणी मस्त आहे तिथलं. चार-पाच वर्षं निघतील." गाडीत बसताना माझ्या पाया पडला. संस्कारी आहे. मी विचारलं, आणि माझ्या वाडीचं काय? त्याला प्रश्न कळलाच नाही. मोठ्या आदराने बघत राहिला माझ्याकडे.

पानवेली गेल्या. मोगऱ्याला कळी नाही. नारळाच्या झावळ्या टोकाकडून वाळतायत. चार वर्षं जो माणूस दिवसातून दोनदा काका काका करत होता, तो पुढच्या वाडीत असंच वळून उभा राहील. त्याला कोण विचारणार? त्याच्यावर कुणी खेळ का काढत नाही?

४ एप्रिल, शुक्रवार

जेसीबी आणला. मुरूम उकरायला लावला. डंपरवाला म्हणाला, "महिनाभरापूर्वी आम्हीच टाकला ना हा?" मी म्हटलं, गुमान भर.

दुपारपर्यंत खड्डा झाला. तळाला पाणी झिरपलं. मी स्वतः उतरलो आणि ओंजळीने तोंडात घेतलं. थुंकलो. काठावर कृष्णा उभा होता, कुणी बोलावलं कुणास ठाऊक. त्याला विचारलं, पावसात भरेल ना रे? तो खाली बसून माती चिवडत राहिला. "खड्डा भरंल शेट. त्याचं बावखल कवा व्हईल ते मी कसं सांगू? तळ रोलरनं दाबलाय आपन. माझ्या आज्यानं सांगितलेलं, ह्यो खनायला तीन पावसाळे गेलते." मी त्याच्यावर ओरडलो. मग जेसीबीवाल्यावर ओरडलो. मग ओरडायला कुणी उरलं नाही.

संध्याकाळी ऋतिकाला फोन लावला.

"तुझ्या खेळात बिघाड आहे. नव्याने सुरू होत नाही."

"बिघाड नाही पप्पा. बावखल बुजवलं की परत सुरू होत नाही. ती एकच गोष्ट आम्ही मुद्दाम ठेवली."

"असा कुठे खेळ असतो? खेळ म्हणजे परत खेळता आलं पाहिजे."

"एक कंपनी हेच म्हणाली. त्यांना खेळ विकत हवा होता. अट एवढीच, की पैसे भरले की नवीन बावखल मिळालं पाहिजे. त्यातच खरी कमाई आहे म्हणाले, लोक हताश झाले की भरतात. मी आणि मर्विन नाही म्हणालो."

"मूर्ख आहात दोघं. मी भरले असते."

तिने हळूच विचारलं, "पप्पा, खोदलेल्या खड्ड्यात पाणी आलं का?" मंदाने सांगितलं असणार. मी फोन ठेवला. काय सांगणार होतो? तिच्यावर ओरडायला फोन केला होता.

६ एप्रिल, रविवार

रामनवमी. देवळात गेलो नाही. लोक वाट देतील आणि काही बोलणार नाहीत, ते मला नको होतं.

फर्डिनंडच्या कुंपणापर्यंत गेलो आणि परत आलो. त्याच्या बावखलात आमचे मासे आहेत.

दुपारी मंदा मागच्या पायरीवर बसली होती. मोबाइल मांडीवर. मी शेजारी बसलो. कितवं वर्ष, विचारलं. एक्केचाळीस, म्हणाली. माझ्या मोबाइलवर आता काही उरलं नाही, तुझा दे जरा, मी म्हणालो. नीट खेळीन. टँकर दाबणार नाही. उधाणाला विहिरीला हात लावणार नाही, सगळं तात्यांसारखं करीन. एवढ्या अजिजीने मी तिच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. स्वतःचा आवाज ऐकून मला लाज वाटली, तरी मी हात पुढे केलाच.

तिने मोबाइल छातीशी धरला.

"नाही," ती म्हणाली. "रागावू नका. पण ही वाडी नाही द्यायची मी तुमच्या हातात."

भांडेन म्हणून ती वाट बघत होती, मीही बघत होतो. मी नुसतं म्हटलं, बरं, दाखव तरी. मग तिने बसल्या जागेवरून, मोबाइल स्वतःच्याच हातात धरून, माझ्याकडे वळवला. बावखलात पाणी होतं. मी पानांच्या कडा बघितल्या, एकेक करून. हिरव्या होत्या. तिने मला पोटभर बघू दिलं, आणि मी हात मांडीवर ठेवून बघत राहिलो.